पोट तुंबलं, कारण निघालं पाळीचं: आतड्यातला एंडोमेट्रिओसिस कसा ओळखतात

आतड्यात अडथळा आला म्हणून तातडीने ऑपरेशन होतं. कापून काढलेला तुकडा तपासणीला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्टवर शब्द येतो: एंडोमेट्रिओसिस. घरचे बुचकळ्यात पडतात. हा तर बायकांच्या गर्भाशयाचा आजार, आतड्यात कुठून आला? आणि नुसते घरचेच नव्हे. कित्येकदा ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाही टेबलावर कॅन्सरचाच संशय असतो.

हा प्रकार दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रजननाच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला एंडोमेट्रिओसिस असतो. त्यातल्या काहींच्याच आतड्याला तो लागतो, आणि आतडं लागलेल्यांमध्येही पूर्ण अडथळ्याची वेळ शंभरात एकीवरसुद्धा येत नाही. पण जिच्यावर येते तिच्यामागे बहुधा कित्येक महिन्यांच्या, कधी कित्येक वर्षांच्या तक्रारी असतात. "गॅस आहे", "टेन्शन आहे", "पाळीत दुखतंच" असं ऐकत ती आलेली असते. आजार निसटतो त्याचं मुख्य कारण त्याच्या वाटेत आहे. तो आतड्याच्या बाहेरून आत येतो, आणि शोध मात्र बहुतेक वेळा आतून घेतला जातो.

## अस्तर तिथे पोचतं कसं

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं. तशाच पेशींची बेटं गर्भाशयाबाहेर रुजली की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेने, बीजनलिकांमधून पोटाच्या पोकळीतही पडतं, आणि त्याबरोबर या पेशी जातात, असं अमेरिकेतले डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी 1927 मध्ये मांडलं. पण उलटं रक्त बहुतेक बायकांमध्ये जातं आणि आजार थोड्यांनाच होतो, तेव्हा एवढ्यावर भागत नाही; अनुवंश आणि प्रतिकारशक्ती यांचाही त्यात हात आहे. इथे लक्षात ठेवायचं ते इतकंच, की पोकळीत पडलेली पेशी रुजते ती आतड्याच्या बाहेरच्या अंगावर.

आतड्याची भिंत ढोबळमानाने चार थरांची. सगळ्यात बाहेर पातळ गुळगुळीत आवरण, त्याच्या आत स्नायूंचा जाड थर, मग रक्तवाहिन्यांचा सैल थर आणि शेवटी अन्नाला लागणारी मऊ अंतस्त्वचा. एंडोमेट्रिओसिस बाहेरच्या आवरणातून शिरतो आणि बहुधा स्नायूच्या थरात ठाण मांडतो. अंतस्त्वचेपर्यंत तो क्वचितच पोचतो. घराच्या भिंतीला बाहेरून ओल मुरली तरी आतल्या खोलीचा रंग बरेच दिवस शाबूत दिसतो, तसंच हे.

## नळी बंद कशी पडते

ही बेटं हॉर्मोन्सना गर्भाशयाच्या अस्तरासारखाच प्रतिसाद देतात. पाळीच्या सुमाराला त्यांच्यातही सूज येते, थोडा रक्तस्राव होतो. पण गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट आहे, भिंतीत अडकलेल्या रक्ताला नाही. तिथे दाह होतो, मग व्रण भरताना येतो तसा कडक धागा तयार होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षानुवर्षं हे चाललं की आजूबाजूचा स्नायूही जाड होतो.

कापडात दोरा ओवून ओढला की चुण्या पडतात ना, आतड्याचं नेमकं तसं होतं. एका बाजूने भिंत ओढली जाते, समोरची बाजू दुमडते आणि नळीला कोन पडतो. जोडीला आतडं गर्भाशयाच्या मागच्या बाजूला किंवा बीजकोशाला चिकटलेलं असलं तर कोन आणखी तीव्र होतो. म्हणजे अडथळा दोन गोष्टींनी मिळून होतो: भिंत जाड झाल्याने आतली वाट अरुंद होणं, आणि ओढाताणीने नळी दुमडणं. क्वचित तिसरा प्रकारही घडतो. लहान आतड्याच्या टोकाची किंवा अपेंडिक्सची गाठ पुढच्या आतड्यात ओढली जाते आणि दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसं आतडं आतड्यात सरकतं.

पाळीशी संबंध कसा, तेही यातूनच कळतं. व्रणामुळे वाट कायमची निम्मी झालेली असते, पाळीत सूज येऊन उरलेली बुजते. पाळी संपली, सूज उतरली की पुन्हा वाहतूक सुरू. दर महिन्याला तीन दिवस पोट तुंबायचं आणि मग आपोआप मोकळं व्हायचं, याचा उलगडा हा असा होतो. पुढे व्रण इतका वाढतो की सुजेची गरजच राहत नाही. मग त्रास महिन्यातल्या कुठल्याही दिवशी होतो आणि पाळीचा धागा हातातून सुटतो.

## कुठल्या भागात

आतड्यातल्या या गाठी बहुतांशी गुदाशय आणि त्याच्या वरचं सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग, इथेच असतात. गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेला तो भाग खेटून असतो, हे त्याचं कारण. त्यानंतर अपेंडिक्स, मोठ्या आतड्याची सुरुवात आणि लहान आतड्याचा शेवटचा टप्पा, त्यातही बहुधा शेवटचे 10 सेंटीमीटर. या शेवटच्या टप्प्यातली गाठ फसवी. लहान आतड्यातला ऐवज पातळ असतो, तो अगदी चिंचोळ्या वाटेतूनही बराच काळ झिरपत राहतो. त्यामुळे तक्रार उशिरा सुरू होते आणि एकदा सुरू झाली की वेगाने बिघडते.

## कळ आणि कॅलेंडर

निदानाचं पहिलं साधन फुकट आहे: तारखांची नोंद. "पाळीत पोट बिघडतं" असं मोघम सांगितलं तर डॉक्टर मान डोलावून पुढे जातात. त्याऐवजी निदान तीन पाळ्यांची नोंद अशी दाखवावी:

"4 तारीख, पाळीचा दुसरा दिवस. सकाळी 6 पासून नाभीभोवती कळा, दर दहा मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या. पोट टम्म. 8 वाजता हिरवट उलटी. दुपारी 2 ला वायू सरला, मग हलकं वाटलं. शौच दोन दिवस नाही."

या नोंदीत सर्जनला हवं ते जवळपास सगळं आहे. थांबून थांबून येणारी कळ म्हणजे आतडं अडथळ्याविरुद्ध जोर लावतंय. वायू सरल्यावर आराम म्हणजे अडथळा अपुरा होता. आणि दुसरा दिवस, तोच पुढच्या महिन्यातही आला, तर संशयाला दिशा मिळते. याखेरीज लिहून ठेवायच्या गोष्टी: पाळीत शौचाला बसताना खोलवर जाणारी तीव्र कळ, फक्त पाळीच्या दिवसांतच शौचातून जाणारं रक्त, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, मूल राहायला अडचण, आणि शौच पूर्वीपेक्षा बारीक होत जाणं.

पाळीत जुलाब होणं किंवा पोट थोडं फुगणं एवढ्यावरून मात्र घाबरायचं कारण नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती आतड्यालाही चाळवतात. त्या त्रासात उलट्या होऊन वायू पूर्ण बंद होत नाही.

## दवाखान्यात पोचल्यावर: आधी अडथळा, मग कारण

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, शौचही नाही: ही तातडीची अवस्था. अशा वेळी घरी जुलाबाचं औषध घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुढची वाट बंद असताना मागून जोर वाढवला तर आतडं फाटू शकतं.

दवाखान्यात तोंडाने खाणंपिणं थांबवतात, नाकातून नळी घालून पोटातलं साचलेलं काढतात, सलाईन देतात, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासतात. वय प्रजननाचं असेल तर गर्भधारणेची चाचणी स्कॅनच्या आधी, विसरता कामा नये. मग शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध, देऊन सीटी स्कॅन. फुगलेलं आतडं ओळखण्याचा ढोबळ नियम 3-6-9: लहान आतडं 3, मोठं आतडं 6 आणि मोठ्या आतड्याची सुरुवात 9 सेंटीमीटरच्या वर रुंद झाली की ती फुगलेली समजायची. ही सुरुवातीची पिशवी 12 च्या आसपास गेली तर फुटण्याचा धोका, मग थांबत नाहीत. कळांऐवजी सतत दुखणं, ताप, नाडीचा वेग वाढणं, पोट लाकडासारखं कडक होणं किंवा रक्तात लॅक्टेट वाढणं ही आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची चिन्हं. अशा वेळी कारण शोधण्यात तास घालवत नाहीत, सरळ पोट उघडतात.

पण ही चिन्हं नसतील आणि नळी घातल्यावर पोट उतरू लागलं, तर हाती काही तास किंवा दिवस येतात. कारण शोधायची खरी संधी हीच, आणि माझ्या मते ती सर्रास वाया जाते. पोट मोकळं झालं की "आतडी चिकटली असतील" असं म्हणून घरी पाठवलं जातं. पूर्वी कधी पोटाचं ऑपरेशनच झालेलं नाही अशा बाईची आतडी उगाच कशी चिकटतील, हा प्रश्न तिथे विचारायलाच हवा.

## कुठली तपासणी काय पाहते

सीटी स्कॅन अडथळा कुठे आहे ते उत्तम दाखवतो: इथवर आतडं फुगलेलं, इथून पुढे रिकामं. त्या सांध्यावर जाड भिंत किंवा गाठ दिसते, पण ती कशाची बनली आहे हे सीटीला नीटसं सांगता येत नाही. रिपोर्टवर "गाठ, कॅन्सरची शक्यता" असं येतं ते यामुळे. शेजारी बीजकोशात रक्ताची गाठ दिसत असेल तर विचार दुसऱ्या दिशेला वळायला हवा.

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण, नळीच्या आत फिरते. तिला दिसते ती अंतस्त्वचा, आणि ती तर बहुधा शाबूत. फार तर "वाट अरुंद, त्वचा चुणलेली, बाहेरून दाब असावा" एवढं लिहून येतं. चिमट्याने काढलेला बायॉप्सीचा तुकडा इतका उथळ असतो की स्नायूच्या थरातल्या आजारापर्यंत पोचतच नाही. म्हणून बायॉप्सी नॉर्मल आली तर एंडोमेट्रिओसिस नाही असा अर्थ होत नाही. उलट वाट इतकी आवळलेली असूनही त्वचा निरोगी, हाच एक सुगावा धरायला हरकत नाही. कोलोनोस्कोपीचं काम कॅन्सर आहे का ते पाहणं, आणि ते तिने जरूर करावं. पूर्ण अडथळा असताना मात्र तिच्यासाठीची जुलाबाची पूर्वतयारी चालत नाही.

योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी गुदाशय आणि सिग्मॉइडच्या गाठींसाठी फार चांगली. सरावलेल्या हातात दहातल्या सुमारे नऊ सापडतात. "सरावलेल्या" या शब्दावर जोर आहे. तपासणारा मुद्दाम आतड्याच्या भिंतीकडे वळला, तरच त्याला स्नायूच्या थरात काळपट, लांबोडकी गाठ दिसते. प्रोबने हलकेच ढकलून गर्भाशय आणि आतडं एकमेकांवर मोकळेपणी सरकतात का, हेही पाहतात. सरकत नसतील तर ती चिकटली आहेत. पोटावरून केलेली नेहमीची सोनोग्राफी यातलं फारसं काही सांगू शकत नाही. ती नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होणं चूक. सिग्मॉइडच्या वरचा भाग मात्र योनीमार्गाच्या सोनोग्राफीच्याही आवाक्याबाहेर.

तिथे एमआरआय लागतो. आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शन देऊन, गरजेप्रमाणे गुदाशयात जेल भरून तो काढतात, नाहीतर चित्र हलतं. गाठ व्रणाची आणि स्नायूची असल्याने ठरावीक चित्रांत काळी दिसते, आणि तिने आत ढकललेली अंतस्त्वचा पांढऱ्या टोपीसारखी. भूछत्राची टोपी आडवी धरावी तसा आकार, आणि त्याला नावही तेच पडलंय. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत जुनं रक्त पांढऱ्या ठिपक्यांसारखं चमकतं. लहान आतड्याचा संशय असेल तर आतडं पाण्यासारख्या द्रवाने भरून वेगळा एमआरआय करावा लागतो. "पेल्व्हिस" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर ते होत नाही. चिठ्ठीवर "आतड्याचा एंडोमेट्रिओसिस?" असं लिहिलेलं असणं हे निम्मं काम आहे. रेडिओलॉजिस्टला जे शोधायला सांगितलं जातं ते तो अधिक बारकाईने पाहतो.

सीए-125 ही रक्तचाचणी इथे कामाची नाही. ती इतर अनेक कारणांनी वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.

राहिली लॅप्रोस्कोपी, पोटात दुर्बीण घालून बाहेरून आतडं पाहणं. बाहेरून येणाऱ्या आजाराला ती थेट भिडते. तरी ती पहिल्या दिवशीच करायची नसते. युरोपातल्या ईश्रे या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शनात लॅप्रोस्कोपी हीच निदानाची अंतिम कसोटी ही जुनी भूमिका सोडली. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, किंवा औषधाने गुण आला नाही वा औषध देणं योग्य नसलं, तर ती करावी असं सांगितलं. अडथळ्यात फुगलेल्या आतड्यांमुळे दुर्बिणीला जागा कमी मिळते आणि इजा होण्याची शक्यता वाढते, हेही आहेच.

## "क्रोन किंवा क्षय कशावरून नाही?"

शेवटच्या लहान आतड्यात वाट अरुंद झाली की क्रोनचा आजार (आतड्याचा जुनाट दाह), आतड्याचा क्षय, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) आणि एंडोमेट्रिओसिस एकमेकांची सोंगं घेतात. फरक शोधायचा तो थर पाहून. क्रोन आणि क्षय यांत अंतस्त्वचेवर व्रण, जखमा असतात आणि बायॉप्सीत त्याच्या खुणा मिळू शकतात. ताप, वजन उतरणं, सतत जुलाब हे त्या बाजूला झुकवतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्वचा शांत, बिघाड बाहेर.

घोळाची किंमत मोठी असते. क्रोन समजून स्टिरॉइड दिलं तर सुजेचा भाग थोडा उतरून गुण आल्याचा भास होतो. क्षयाची औषधं चालू केली तर "महिन्याभराने बघू" म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात, आणि व्रण त्याच्या गतीने आवळत राहतो. औषध चालू असूनही कळा पाळीच्याच सुमाराला येत असतील तर निदान पुन्हा तपासायला सांगावं. त्यात कुणाचा अपमान नाही.

## "पण पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली"

तरीही होऊ शकतं. पाळी गेली तरी जुना कडक व्रण विरघळत नाही. शिवाय शरीरातली चरबी थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते, आणि काहीजणी हॉर्मोनची औषधं किंवा स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन घेत असतात. गर्भाशय काढलेलं असलं तरी बीजकोश जागेवर असतील तर आतड्यावरची बेटं जिवंत राहू शकतात. या वयात कॅन्सरची शक्यता आधी तपासायची, हे बरोबरच. फक्त "पाळी नाही, म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही" हे गणित चुकीचं.

## "गोळ्यांनी जाणार नाही का?"

डायनोजेस्टसारखी गोळी, साधारणपणे रोज 2 मिलिग्रॅम, किंवा इतर हॉर्मोन उपचार रक्तस्राव आणि सूज कमी करतात. अडथळा नसलेल्या, नुसत्या दुखणाऱ्या गाठीसाठी हा रास्त मार्ग आहे आणि अनेकींना ऑपरेशन लागतच नाही. मूल हवं असेल त्या काळात मात्र या गोळ्या घेता येत नाहीत. व्रण औषधाने सैल होत नाही. वारंवार तुंबणारं, कायमचं आवळलेलं आतडं असेल तर सर्जरीच. गाठ वरवरची असेल तर तासून, छोटी असेल तर भिंतीच्या चकतीसकट, आणि आवळलेला भाग असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडतात. जोड जितका गुदद्वाराजवळ तितका गळतीचा धोका जास्त, म्हणून कधी काही महिन्यांसाठी पोटावर शौचाची पिशवी ठेवावी लागते. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं असलं पाहिजे, शुद्धीवर आल्यावर नव्हे.

आधी निदान असण्याचा फायदा इथेच दिसतो. कॅन्सर समजून केलेल्या ऑपरेशनमध्ये लसिका ग्रंथींसकट मोठा भाग काढतात. शंका असेल तर ऑपरेशन चालू असतानाच छोटा तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात कौल मिळतो.

## तुकडा प्रयोगशाळेत जातो तेव्हा

पक्कं निदान काचपट्टीवर. पॅथॉलॉजिस्ट दोन गोष्टी शोधतो: गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीचा पेशींचा गादीसारखा थर. भोवती जुन्या रक्ताचा तपकिरी रंग असला तर आणखी बळ मिळतं. वयस्क बाईत तो गादीचा थर विरळ असतो, ग्रंथी एकट्या पडतात आणि पट्टकन कॅन्सरसारख्या वाटतात. मग खास रंग लावतात. सीडी-10 गादीच्या पेशी उठवून दाखवतो. ग्रंथींमध्ये सीके-7 आणि इस्ट्रोजेनचे ग्राहक दिसतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट, सीके-20 आणि सीडीएक्स-2. लसिका ग्रंथीतही एंडोमेट्रिओसिस सापडू शकतो, आणि तो पसरलेला कॅन्सर समजला जाण्याचा धोका असतो.

पॅथॉलॉजिस्ट हे खास रंग मागवतो ते संशय असला तरच. म्हणून तुकड्यासोबतच्या फॉर्मवर वय, शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेली हॉर्मोनची औषधं आणि आधी कधी एंडोमेट्रिओसिस निघाला होता का, हे लिहिलेलं हवं. बऱ्याच फॉर्मवर तिथे एकच शब्द असतो, "आतडं". नातेवाइकांनी ती चौकट वाचून पाहावी आणि रिकामी असेल तर भरून मागावी.